भिशी आहे, पाटल्या आहेत, मग वेगळे पैसे कशाला?

ब्लाऊजचं माप देता देता तुमच्यापैकी कितीतरी जणींनी मला विचारलंय, ‘वैनी, तुमची भिशी हाय, सोन्याचे चार डाग हाईत, मग अडीनडीचं म्हणून येगळं पैसं कशाला ठेवता?’ परवा पुन्हा एकीनं विचारलं, म्हणून आज सविस्तर सांगते.

माझं शिलाईचं दुकान कोल्हापुरात शाहूपुरीत, कुंभार गल्लीजवळ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्याकडे आलं आणि बघता बघता कमरेवर चढलं. चार मशिनी वर उचलायलाही वेळ मिळाला नाही. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं, तर गिऱ्हाइकांची कापडं चिखलात लगदा होऊन पडलेली. पिकोच्या मशिनीची मोटर खोलली, तर आतून गाळाचं पाणी ठिबकत होतं. उद्यमनगरातून मोटरींचं वाइंडिंग, मशिनींची दुरुस्ती आणि लोकांच्या कापडाची भरपाई, सगळं मिळून २२,००० लागत होते.

भिशी होती की. १२ जणींची, महिना २,००० ची. पण माझा नंबर नोव्हेंबरचा. आधी द्या म्हणायला गेले, तर ऑगस्टची उचल जिला मिळणार होती तिच्या घरात माझ्यापेक्षा जास्त पाणी. उसने मागावेत तर कुणाकडे? एरवी एकाचं अडतं तेव्हा दुसरा सावरतो. पूर मात्र सगळ्यांच्या घरात एकाच दिवशी शिरतो. त्या आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येकीला पैसे हवे होते आणि द्यायला कुणाकडेच नव्हते.

शेवटी पाटल्या गहाण टाकल्या. तेही लगेच झालं नाही. आमच्या भागात लाईट नव्हती, कर्ज देणाऱ्यांचं काम बंद. दुकान १९ दिवस बंद राहिलं. ऐन गौरी-गणपतीच्या तोंडावर, जेव्हा रात्री १२ पर्यंत मशीन चालते तेव्हा. पाटल्या सोडवायला ११ महिने गेले. सासूबाईंनी लग्नात घातलेल्या पाटल्या त्या. हात मोकळे बघून त्या काही बोलल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. अडीनडीचा पैसा किती वाढतो याला महत्त्व नाही. तो मागितल्या दिवशी, कुणाला न विचारता हातात आला पाहिजे. भिशी चांगलीच, माझी अजून आहे. पण तिच्यात दिवाळी बसवावी, दवाखाना नाही.

जमवले कसे, हे तुम्ही हमखास विचारता. माझी कमाई महिन्याला ठरलेली नाही. लग्नसराईत हात पुरत नाहीत, आषाढात सुनं. म्हणून महिन्याला अमुक रुपये असं मला झेपलंच नसतं. मी धरलं, १० ब्लाऊज शिवले की एकाची शिलाई बाजूला. काम जास्त तर शिल्लक जास्त, काम नाही तर मनाला टोचणी नाही. पहिले १०,००० जमायला ७ महिने लागले.

तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी असावा, असं जाणकार सांगतात. बरोबरच आहे, पण तो आकडा ऐकून बाया सुरुवातच करत नाहीत. त्यापेक्षा वही घ्या आणि गेल्या पाच वर्षांत अचानक आलेले खर्च लिहा. माझ्या पानावर होतं: सासूबाई न्हाणीघरात पडल्या, पत्रे उडाले, मोटर, धाकट्याचा डेंग्यू. त्यातला सगळ्यात मोठा खर्च, तेवढं पहिलं उद्दिष्ट. शाळेची फी आणि आहेर त्या पानावर येत नाहीत; ते कधी येणार हे आधीच माहीत असतं.

पैसे कुठे? ५,००० रोख, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावरच्या डब्यात, कारण लाईट गेली की एटीएमही गेलं. बाकी दुसऱ्या बँकेच्या बचत खात्यात. ते खातं मोबाईलला जोडलेलं नाही. भाजी घेताना तिकडे बोट जायला नको. पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे भरायची ठेव, मी आधी करत होते, दारात येऊन पैसे नेतात याची सवय फार चांगली. पण मुदतीआधी मोडली की बऱ्याच ठिकाणी व्याज कापतात. आणि एक नीट बघा: बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही.

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आपल्याकडे पोराटोरांना पाठ आहे. तशीच पातळी मी खात्याला लावली, फक्त उलटी. १५,००० च्या खाली गेलं की इशारा: नवीन साडी नाही, बाहेरचं खाणं नाही. ८,००० च्या खाली धोका: १० ऐवजी दर ५ ब्लाऊजमागे एकाची शिलाई.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. ३८ फूट ऐकल्याबरोबर डब्यातले पैसे काढून टेम्पो सांगितला आणि मशिनी नणंदेकडे राजारामपुरीत हलवल्या. पाणी उतरल्यावर दुकान धुऊन, वायरिंग करून सहाव्या दिवशी मशीन चालू केली.

गेल्या आठवड्यात ओव्हरलॉकची मोटर गेली. ३,२०० काढले. वहीत ‘परत भरायचे’ या रकान्यात त्यातले २,६०० अजून शिल्लक आहेत, आणि टेबलावर नऊ ब्लाऊज कापून ठेवलेत.