वहीची मागची पानं

सोमवार, रात्री

सकाळी कानबाईला, आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या देवीला, नदीवर पोचवून आलो. काल दिवसभर नैवेद्याच्या रोटांचं काम, रात्रभर जागरण, त्यामुळे दुपारी मशीनवर बसले तरी हात चालेना. सुरतेहून आलेले दीर-जाऊ दोनच्या गाडीने परत गेले. घर एकदम रिकामं झालं. तेवढ्यात पोस्टातली ताई ओट्यावर येऊन बसली. थैली मांडीवर घेतली आणि पाणी मागितलं. डोळे भरलेले होते.

बावीस वर्षांची पोर आहे. नांदेडकडची. ग्रामीण डाक सेवकांची यादी दहावीच्या गुणांवर लागते, अख्ख्या राज्यातून, आणि नंबर लागेल तिथे जावं लागतं. हिचा नंबर आमच्या गावात लागला. ज्येष्ठात आली, मारुतीच्या पाराजवळ खोली घेतली, तिथेच पोस्ट. गावातली काही माणसं अजून म्हणतात, आपल्याच गावचा पोरगा का नाही घेतला. तिच्यासमोर म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं. आईबापाला सोडून पोरगी एवढ्या लांब आली आहे, तिने काय करायचं?

"काकू, मला काईच कळंना," ती म्हणाली. "एका नावाचे पाच-पाच जण निघायलेत."

शुक्रवारी राखीपौर्णिमा. थैलीत 43 पाकिटं आली होती, बहुतेक राख्यांची. त्यातली 14 तिला सापडेनात. मी शिवण बाजूला ठेवलं. पाकिटाला हात लावला नाही. आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, नियम होता, दुसऱ्याच्या टपालाला घरच्यांनीसुद्धा हात लावायचा नाही. ती नाव वाचत गेली, मी घर सांगत गेले.

आमच्या गावात अर्ध्याहून जास्त उंबरे पाटलांचे. त्यात नावंही ठरलेली: भटू, दगा, हिलाल, सुकलाल, उखा, धुडकू. आजोबाचं नाव नातवाला. पाकिटावर "भटू पाटील" एवढंच असेल तर मास्तर भटू, ड्रायव्हर भटू, विहिरीवरचा भटू, की वरच्या गल्लीतला? बहिणीला असं कधी वाटतच नाही की आपल्या भावाच्या नावाचा दुसरा कोणी असेल. तिच्यासाठी गावात एकच भटू असतो.

दहा घरं मला सांगता आली. कशी, तर माझ्या मापाच्या वहीमुळे. एकोणतीस वर्षं या गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवते आहे. वहीत प्रत्येकीचं माप, आणि चार "संगीता पाटील" वेगळ्या कळाव्यात म्हणून नवऱ्याचं, सासऱ्याचं नाव, गल्ली, दाराशी लिंब की शेवगा, असं सगळं लिहिलेलं. शिवणासाठी लिहिलेलं आज टपालाला कामी आलं.

अकरावं पाकीट आमचं नव्हतंच. गावाचं नाव हेच, पण पिनकोडचा शेवटचा आकडा मला 1 वाटेना, 5 वाटला. 425401 म्हणजे अमळनेर, 425405 म्हणजे शिरपूर. तिकडेही याच नावाचं गाव आहे. पोरीने पाकीट उजेडाला धरलं आणि हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली असेल. ते आता शिरपूरला जाईल.

पिनकोडचं हे वेड मला आबांनी लावलं. गाव त्यांना जिभाऊ म्हणायचं. आमच्या याच ओसरीत ब्रँच पोस्ट होतं, वयाच्या 65 व्या वर्षापर्यंत त्यांनी ते सांभाळलं. तेव्हा या नोकरीला सगळे ईडी, म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, म्हणायचे. मी नवी सून म्हणून आले तेव्हा भिंतीवर पिनकोडांचा कागद चिकटवलेला होता. 15 ऑगस्ट 1972 ला ही पद्धत सुरू झाली, आणि ती काढणारा आपला मराठी माणूस, श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतात कविता करणारा, हे आबा अशा अभिमानाने सांगायचे जणू वेलणकर आमच्याच भाऊबंदातले. पहिला आकडा 4 म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, आताचं छत्तीसगड. पहिले तीन आकडे छाननीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन पोस्ट. मी एकदा विचारलं होतं, शिरपूर धुळे जिल्ह्यात, मग त्याला आपलं 425 कसं? आणि चाळीसगाव आपल्या जळगाव जिल्ह्यात, त्याला 424? तेव्हा ते म्हणाले, पिनकोड कलेक्टरची हद्द बघत नाही, टपालाची वाट बघतो.

तीन पाकिटं उरली. तिन्ही नाल्यापलीकडच्या भिल्ल वस्तीतली. मी वही पुढून मागून चाळली. त्या वस्तीतलं एकही नाव माझ्या वहीत नाही.

मंगळवार

निराधारच्या पैशांचा दिवस. पोस्टासमोर सकाळपासून म्हाताऱ्या बसलेल्या. 1 सप्टेंबर 2018 पासून पोस्टाची पेमेंट्स बँक आली, तेव्हापासून अंगठा लावला की पैसे गावातच मिळतात. तालुक्याला जायचं भाडं वाचतं, रोज बुडत नाही. ही फार मोठी सोय आहे. पण सध्या निंदणी चालू आहे. बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीन अंगठा घेत नाही. पोरीने एकेकीचे हात धुतले, पुसले, दुसरं बोट, तिसरं बोट. पलीकडच्या मोठमाय म्हणाल्या, "मन्हा अंगठाच घसाई गया वं माय." पोरीला शब्द कळले नसतील, तरी तिने त्यांचा हात तसाच धरून ठेवला. पाचव्या वेळी लागला.

आज शिवण बरंच तुंबलं. राखीला घालायचे दोन ब्लाऊज उद्या द्यायचे आहेत.

बुधवार, रात्री

आज तिच्याबरोबर वस्तीत गेले.

हे लिहिताना मला लाज वाटते आहे, पण लिहायला हवं. एकोणतीस वर्षांत मी त्या वस्तीत दोनदा गेले होते. एकदा मतदानाच्या चिठ्ठ्या वाटताना, एकदा कापूस वेचायला बायका सांगायला. नाला ओलांडला की चाळीसेक घरं. त्यातल्या बायकांना मी तोंडाने ओळखते, शेतात त्या आमच्या बांधावर बसून भाकरी खातात. पण नाव विचारलं तर सांगता आलं नसतं. त्या माझ्याकडे शिवायला येत नाहीत, आणि त्या का येत नाहीत हेही मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

आबा जायचे. सायकल नाल्याशी ठेवून पायी जायचे. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी सुरतेकडून मनीऑर्डरी यायच्या. सुरतेतल्या उधन्याहून जळगावला येणाऱ्या रेल्वे लाइनवर आपलं अमळनेर आहे, म्हणून खान्देशातलं निम्मं घर सुरतेत असतं. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली चार ओळी लिहायला जागा असायची. ती ओळ आबा वाचून दाखवायचे, मग पैसे मोजायचे, मग ती ओळ पुन्हा वाचायचे, कारण पैसे हातात आले की माणसं ऐकायला तयार होतात. वस्तीत कोणाला वाचता येत नसे. परतीचं पत्रही आबाच लिहायचे, तिथल्याच खाटेवर बसून.

कोपरा फाडलेलं कार्ड आलं की मात्र त्यांची चाल बदलायची. ते कार्ड मरणाचं. आधी दारात उभं राहून विचारायचे, "जेवणं झाली का?" झाली नसतील तर ते म्हणायचे, मी जरा पुढे जाऊन येतो. तासाभराने परत यायचे. उपाशी पोटी कोणाला मरण वाचून दाखवायचं नाही, असं त्यांनी स्वतःचं स्वतः ठरवलेलं होतं. कुठल्या घरी काय बातमी आली हे आम्हाला कधी सांगितलं नाही. सासूबाईंनाही नाही. त्या दिवशी आबा भात मागे सारायचे, एवढ्यावरून आम्ही ओळखायचो.

तर, वस्ती. तीन पाकिटांपैकी दोन नावं लगेच लागली. तिसरं "सुनील भिल". पोरीने नाव वाचलं तशी पाच-सहा मुलं गोळा झाली. सातवी-आठवीतला एक मुलगा म्हणाला, सुनील तीन आहेत. मग त्याने पाकिटाकडे बोट केलं. "कथाईन उनं ते सांगा ना." म्हणजे, कुठून आलं ते सांगा.

मी तिथेच थांबले. आबा हेच करायचे. थैली उघडली की ते आधी पाकीट उलटं करायचे, पाठवणाऱ्याचा पत्ता बघायचे, नाहीतर तिकिटावरचा शिक्का. मला वाटायचं ही त्यांची सवय आहे. ती सवय नव्हती. नाव सारखं असू शकतं, पण ज्याची बहीण शहाद्याकडे दिलेली आहे असा सुनील एकच असतो. इतकी वर्षं मी ज्याच्या नावावर आलं त्याच्यावरून घर शोधत होते. आबा पाठवणाऱ्यावरून शोधायचे.

पोरीने शिक्का वाचला. शहादा. मुलगा पळतच पुढे निघाला.

सुनील फवारणीला गेलेला. त्याची आई दारात होती. पाकीट हातात घेऊन तिने आधी दाबून बघितलं, आत गाठ लागली तशी चेहरा उजळला. पाणी न लागणाऱ्या त्या राखीच्या पाकिटांपैकी होतं. आमच्या पोरीचं सासरी पहिलंच वर्ष आहे, पावसात येता येत नाही, असं ती म्हणाली. मग आत गेली आणि एक कागद घेऊन आली. बँकेच्या कार्डाचा. कार्ड दोनदा येऊन परत गेलं होतं. मधली तीन वर्षं गावात पोस्टाचा माणूस टिकत नव्हता, त्या काळातली गोष्ट. पत्त्यावर गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड सगळं बरोबर होतं. फक्त वस्तीचं नाव नव्हतं. त्या कार्डासाठी ती तीन वेळा मजुरी बुडवून तालुक्याला गेली. मी ओट्यावर बसून होते, माझ्यापासून चारशे पावलांवर. मला कोणी विचारलं असतं तरी मला तिचं घर सांगता आलं नसतं.

पोरीने तिला सांगितलं, अर्जावर वस्तीचं नाव, नवऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर लिहा, आणि येईल तेव्हा मी घरी आणून देईन. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर टपाल वेगळं राहिलं नाही, स्पीड पोस्टातच विलीन झालं. गावात मात्र अजून सगळे "रजिस्टर उनं का" असंच विचारतात, आणि आता तीही "उनं, उनं" म्हणायला शिकली आहे.

त्या बाईने काळा चहा केला. गूळ घालून. खाटेवर बसून घेतला. आबा याच खाटेवर बसत असतील का, हे विचारायचं मनात आलं, विचारलं नाही. पण निघताना तिनेच विचारलं, तुम्ही जिभाऊंच्या सूनबाई ना? मी हो म्हटलं. ती म्हणाली, माझ्या लग्नाचं पत्र त्यांनी लिहिलं होतं.

गुरुवार

मापाच्या वहीची मागची पानं कोरी होती. त्यावर आज रेघा मारल्या. घर, माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव काय म्हणतं ते, दाराची खूण. आणि शेवटचा रकाना पोरीने सुचवला: टपाल कुठून येतं. सुरत, उधना, शहादा, पुणे, आश्रमशाळा, मिलिटरी. कालचा तो मुलगा शाळा सुटल्यावर आला आणि ओट्यावर बसून सांगत होता. मी लिहीत होते. एक नाव मी चुकीचं लिहिलं, तर त्याने पेन घेऊन स्वतः दुरुस्त केलं.

आधी वरच्या गल्लीपासून सुरुवात करावी असं मनात होतं, पण तिथलं मला पाठ आहे, तिथे घाई नाही. वस्तीपासून सुरुवात केली. त्याने घरं मोजून सांगितली, 41. त्यातली 23 आज झाली. पोरगी ती पानं स्वतःच्या रजिस्टरमध्ये उतरवून घेणार आहे. ही नोकरी सोडून ती उद्या दुसरीकडे गेली तरी पुढच्या माणसाला ती मिळावीत, असं तीच म्हणाली.

संध्याकाळी तिच्या घरून फोन होता. भावाला राखी पोचली. सोमवारी आमच्या पेटीत टाकली होती, आज नांदेडला मिळाली. तिने ते तीनदा सांगितलं.

अठरा घरं राहिली. तिथली माणसं दिवसा निंदणीला, फवारणीला असतात, म्हणून दिवे लागल्यावर जायचं ठरलं आहे. नाल्याला पाणी आहे. बॅटरी चार्जिंगला लावून ठेवली.