घिसाडघाई

बुधवार, रात्री साडेदहा

आज मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "घिसाडघाई नको, नीट वेळ घ्या." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. पण तेव्हापासून डोक्यात ठण्-ठाण्, ठण्-ठाण् सुरू झालंय, ते अजून थांबलेलं नाही.

मे 1987. मी नऊ वर्षांची. गावाबाहेर चिंचेखाली घिसाड्यांच्या, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या लोहारांच्या, गाड्या सुटल्या होत्या. आजीने त्याच संध्याकाळी तंबी दिली, "तिकडं फिरकायचं नाही. पोरं पळवतात, झोळीत घालून." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच दोन विळे, एक खुरपं आणि कुऱ्हाड आजोबांबरोबर तिकडे धाडली. हत्यारं बिनघोर त्यांच्या हाती द्यायची, पोर तेवढं नाही!

मला ओढलं ते त्या आवाजाने. एक बारीक, लगेच एक दणकट. दोन दिवस पडवीत बसून ऐकलं, पण दोन वेगळे आवाज का, ते काही कळेना. तिसऱ्या दुपारी घर निजलं आणि मी निघाले.

तो बसलेला. डाव्या हातातल्या सांडशीत लाल पातं, उजव्या हातात छोटी हातोडी. समोर त्याची बायको उभी, दोन्ही हातांनी घण डोक्यावर नेलेला. तो हातोडी नुसती टेकवायचा, ठण्. बरोब्बर त्याच जागी तिचा घण पडायचा, ठाण्. म्हणजे हातोडी मारायला नव्हतीच, घाव कुठे हवा ते दाखवायला होती! दोघं एक अक्षर बोलत नव्हती. लोखंड लाल असेपर्यंत जेमतेम दहा-बारा घाव, काळवंडलं की परत भट्टीत. यात घाई होती खरी. गार लोखंडावर सावकाश ठोकत बसून काय होणार होतं?

मग पात्याला पाणी पाजणं. चर्र झालं, वाफ उठली. मला वाटलं, संपलं. पण नुसतं एवढ्यावर सोडलं तर धार ठिसूळ होते, टवका उडतो. त्याने पातं घासून चकचकीत केलं आणि पुन्हा जरा ऊब दिली. कडेवरून रंग सरकू लागले. वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा. निळा येतो सुमारे 300 अंशांना, हे मला पुढे इंजिनिअरिंगच्या पुस्तकात भेटलं. तो मात्र निळा चढायच्या आतच स्वतःशी "बास" म्हणाला आणि पातं परत पाण्यात.

मी पार ऐरणीपाशी पोचले होते. बाजूला एक काळा तुकडा पडलेला. काळा म्हणजे गार, अशी माझी समजूत. उचलला.

बाईने घण टाकला, माझं मनगट धरलं आणि ओढतच नेलं. झोळी! मी गाव गोळा होईल अशी किंचाळले. तिने माझा हात पाण्याच्या डोणीत बुडवला आणि दाबून धरला. ओरडून ओरडून माझा घसा बसला, तरी सोडेना. भात्याचं चाक फिरवणारी त्यांची मुलगी हसून लोळायची बाकी राहिली. माझ्याच उंचीची होती. मी जरा निवल्यावर तिने विचारलं, "तुमी पावसाळा सरला तरी त्याच घरात ऱ्हाता?" मी हो म्हटलं. "आन् मग उन्हाळ्यात?" त्याच घरात. तिने माझ्याकडे इतक्या कीव येऊन पाहिलं की बोटाची आग विसरले.

आजीला एकटीला बोल लावण्यात अर्थ नाही. 1871 च्या इंग्रजी कायद्यानेच काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. 31 ऑगस्ट 1952 ला तो रद्द झाला, तेव्हा आजी दोन पोरांची आई होती. आपण लुच्च्या माणसाला बिनदिक्कत 'भामटा' म्हणतो. सरकारच्या विमुक्त जातींच्या यादीत ते एका जमातीचं नाव आहे.

आणि 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात डवरी गोसावी या भटक्या समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून जमावाने मारून टाकलं. बातमी वाचताना मला आजीचाच आवाज ऐकू आला, पडवीतला, मायेचा. लोकांच्या फोनवर फिरलेला मजकूरही तोच होता. तिच्या झोळीला मी तोवर गंमत समजत होते.

बोट मी दोन दिवस पाठीमागे लपवलं, पण जेवताना पकडली गेले. खरं ते सांगितलं. आजी बराच वेळ फोडाकडे पाहत राहिली, मग खोबरेल लावलं, बोलली काहीच नाही.

गाड्या एका पहाटे गेल्या. चिंचेखाली राखेचं वर्तुळ तेवढं राहिलं. आजीने खुराडं उघडून कोंबड्या मोजल्या. भरल्या. मग तिने त्या परत मोजल्या.