पाळी गेल्यावर दिसलेला डाग

सलग १२ महिने पाळी आली नाही, की ती गेली असं धरायचं. त्यानंतर अंगावरून थेंबभर जरी रक्त गेलं, तरी ‘उष्णता झाली असेल’ म्हणून घरी थांबू नका, कृपा करून. बहुतेकदा कारण साधं असतं: इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) घटल्याने योनीची आतली त्वचा पातळ, कोरडी होते आणि चटकन सोलवटते. पण काहींमध्ये तो गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा पहिला इशारा असतो. योनीमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. ४ मिलिमीटरपेक्षा जास्त भरली, तर तुकडा तपासायला पाठवतात. जाडी कमी असूनही रक्त पुन्हा दिसलं, तर पुन्हा जा. पॅप स्मिअर नॉर्मल आली एवढ्यावर विसंबू नका, ती तपासणी गर्भाशयमुखाची. जाताना डागाची तारीख आणि चालू गोळ्या लिहून न्या. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरची गोळी) घेत असाल तर ते आधी सांगा.