लॉकहार्टच्या धुरावरचे जेवण

टेक्सासमध्ये ऑस्टिनला राहणाऱ्या बहिणीकडे आईला घेऊन गेलो, तेव्हा दाजींनी शनिवारचा बेत आधीच पक्का करून ठेवला होता. सगळ्यांनी मिळून लॉकहार्टला जायचे आणि दुपारचे जेवण तिथल्या बार्बेक्यूच्या, म्हणजे धुरावर मंद शिजवलेल्या मांसाच्या, दुकानांत करायचे. ऑस्टिनपासून दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर असलेले हे छोटे गाव कॉल्डवेल काउंटीचे मुख्य ठिकाण आहे, आणि टेक्सासच्या विधिमंडळाने ठराव करून त्याला राज्याची बार्बेक्यू राजधानी म्हटले आहे. आमच्याबरोबर दाजींचे वसईचे एक मित्र आणि त्यांची पत्नीही होती. हे मित्र स्वतः घरामागच्या अंगणात धुरावर मांस शिजवतात, त्यामुळे वाटेतच आमची शिकवणी सुरू झाली.

मंडळी निघाली खरी, पण खाण्याचे नियम प्रत्येकाचे वेगळे होते. टेक्सासच्या बार्बेक्यूचा मान ब्रिस्केटला, म्हणजे गाईबैलाच्या छातीकडच्या मांसाला असतो, आणि ते आमच्या घरात चालत नाही. आई डुकराचे मांसही खात नाही आणि बहीण तर पूर्ण शाकाहारी आहे. वसईकर दांपत्याला मात्र कशाचेच वावडे नव्हते. म्हणून दाजींनी दोन दुकाने ठरवली होती : स्मिटीज मार्केट मुख्यतः पाहण्यासाठी आणि थोडे चाखण्यासाठी, आणि ब्लॅक्स बार्बेक्यू निवांत बसून जेवण्यासाठी.

स्मिटीजची भट्टीची खोली मी जन्मात विसरणार नाही. विटांच्या लांबट भट्ट्यांच्या तोंडाशी, अगदी जमिनीवर, ओकची लाकडे उघडी जळत असतात आणि गिऱ्हाइकांची रांग त्या जाळाजवळूनच पुढे सरकते. भिंती आणि छत वर्षानुवर्षांच्या धुराने काळेभोर झाले आहेत. जाळ भट्टीच्या एका टोकाला, धुराडे दुसऱ्या टोकाला आणि मांस मधल्या जाळीवर अशी रचना असल्यामुळे ज्वाळा मांसाला शिवत नाहीत, तर धुराड्याच्या ओढीने गरम हवा आणि धूर मांसावरून वाहत जातो. इथे वापरतात ते पोस्ट ओक नावाचे लाकूड मध्य टेक्सासमध्ये मुबलक मिळते, सावकाश जळते आणि त्याचा धूर सौम्य असतो. तोडल्यावर ते कित्येक महिने वाळवावे लागते, कारण ओल्या लाकडाच्या धुराने मांस कडवट होते.

या इमारतीचा इतिहासही त्या आगीशीच बांधलेला आहे. १९०० साली सुरू झालेले क्रॉइट्झ मार्केट पुढे याच जागेत चालत असे, आणि १९४८ मध्ये ते श्मिट कुटुंबाकडे आले. १९९९ मध्ये भावाबहिणीत वाटणी झाली. बहिणीकडे इमारत राहिली, तिचे स्मिटीज झाले. भावाने क्रॉइट्झ हे नाव घेऊन गावातच नवे मोठे दुकान बांधले आणि जुन्या भट्टीतले निखारे टबात घालून रस्त्याने ओढत नव्या भट्टीपर्यंत नेले. चूल वेगळी झाली तरी विस्तव तोच राहावा, ही त्या माणसाची ओढ आम्हा सगळ्यांनाच फार आपली वाटली.

मुळात ही दुकाने खाटकांची. एकोणिसाव्या शतकात टेक्सासमध्ये आलेल्या जर्मन आणि चेक कुटुंबांतले खाटीक न खपलेले मांस धुरावर शिजवत, बारीक तुकड्यांची सॉसेज करत आणि तेच कागदात बांधून विकत. कापूस वेचणारे मजूर ते दुकानाच्या आसपासच बसून, तिथेच मिळणाऱ्या क्रॅकर्स, कांदा आणि लोणच्याबरोबर खात. आजही मांस वजनावर मिळते आणि तपकिरी कागदावरच हातात येते. आम्ही तिथे डुकराच्या बरगड्या घेतल्या आणि उभ्याउभ्याच त्या संपवल्या.

ब्लॅक्स १९३२ पासून एकाच कुटुंबाकडे आहे. तिथे रांगेत आधी बटाट्याचे सॅलड, कोलस्लॉ (कोबीचे सॅलड), मका अशा जोडपदार्थांच्या वाट्या घ्यायच्या आणि शेवटी मांसाच्या काउंटरवर यायचे. टेक्सासमध्ये बीन्स शिजवताना पुष्कळदा मांस घालतात, म्हणून बहिणीने त्या घेतल्याच नाहीत. शाकाहारी वाचकांनी तिथे गेल्यावर हे विचारून घ्यावे. आईसाठी टर्की मागताना आमची अडचण सांगितली, तेव्हा कापणाऱ्या गृहस्थांनी तत्काळ दुसरी सुरी घेतली, फळीवर नवा कागद अंथरला आणि तुकडे वेगळे बांधून दिले. त्यांचा हा समजूतदारपणा आईला जेवणाइतकाच आवडला.

लांब बाकांवर सगळे बसले आणि कागद उलगडले. टर्कीचे मांस एरवी चटकन कोरडे पडते, पण इथले बोटांनी दाबले तरी रस सुटत होता. आईने दोन घास खाल्ले आणि विचारले, "अहो, मसाला तर कुठे दिसत नाही, मग ही चव आली कशाने?" वसईकर मित्र म्हणाले, "आई, मीठ, मिरी आणि लाकूड. बाकी सगळा वेळ." मग ब्रिस्केटचा काप हातात धरून त्यांनी सांगितले की ११० ते १३५ अंश सेल्सिअसच्या मंद उष्णतेवर ते दहा-बारा तास ठेवावे लागते. मांस ७० अंशांच्या आसपास पोचले की पृष्ठभागावरून उडून जाणाऱ्या बाष्पामुळे ते थंड होत राहते आणि तापमान काही तास हलतच नाही. नवशिके नेमके तिथे घाबरून जाळ वाढवतात. धीर धरला तर पुढे मांसातले चिवट कोलॅजन, म्हणजे मांसाचे धागे बांधून ठेवणारे प्रथिन, वितळून त्याचे मऊ जिलेटिन होते, आणि कापाच्या कडेला दिसणारा गुलाबी पट्टा कच्चेपणामुळे नव्हे, तर धुरातल्या वायूंची मांसातल्या रंगद्रव्याशी क्रिया होऊन उमटतो.

सॉस टेबलावर होता, पण मी तो बाजूलाच ठेवला. इतक्या तासांच्या राखणीनंतर आलेली चव गोड-आंबट सॉसखाली झाकणे मला योग्य वाटत नाही, आणि क्रॉइट्झनेही अनेक वर्षे सॉस न ठेवण्याचा नियम पाळला तो याच निष्ठेने, असे माझे मत आहे. भाच्यांनी मात्र भरपूर सॉस घेतला, आणि त्यावर मामाने काही बोलायचे नाही असे बहिणीने बजावले.

बाहेर पडल्यावर १८९४ सालच्या न्यायालयाच्या देखण्या चुनखडी इमारतीभोवती एक फेरी मारली. क्रॉइट्झमध्ये जाण्याइतकी भूक कोणातच उरली नव्हती. पुढच्या वेळी सुरुवात तिथूनच करायची आणि माणशी अर्ध्या पौंडापेक्षा, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमपेक्षा जास्त मांस एकदम घ्यायचे नाही, असे दाजींनी गाडीत बसताना जाहीर केले.