चकाकी शेवटी : एका जुन्या वाफेच्या इंजिनाचा आठवडा

शनिवार

टेबलावर आलेलं खेळण्यातलं इंजिन जेमतेम वीतभर आहे. आडवा पितळी बॉयलर, खाली पत्र्याची भट्टी, शेजारी झुलता सिलिंडर, फिकट लाल फ्लायव्हील. कंपनीची पट्टी गेलेली, फक्त तिची दोन भोकं उरली आहेत. जुनं इंजिन हातात आलं की पहिला मोह होतो पितळ घासायचा. तो आवरायचा. आज घासलं तर उद्या विचारायला साक्षीदार उरत नाही, कारण इंजिनावर काय काय गुजरलंय ते त्या काळपटपणातच लिहिलेलं असतं.

बॉयलरच्या पोटाला निळसर-तपकिरी डाग आहे आणि डाव्या टोपणाच्या कडेला सोल्डरचा थेंब ओघळून थिजलाय. याचा अर्थ एकच : पाणी संपल्यावरही आग चालू राहिली होती. या आकाराच्या खेळण्यांचे सांधे बहुतेक मऊ सोल्डरचे, म्हणजे कथील-शिशाच्या डाखाचे असतात. तो १८३ अंश सेल्सियसला वितळू लागतो. गेजवर दीड बार दाब दाखवणाऱ्या वाफेचं (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) तापमान साधारण १२७ अंश. म्हणजे आत पाणी आहे तोवर सांधा निर्धास्त, पाणी संपलं की काही मिनिटांत गेला.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग कुणीतरी नट आवळून पूर्ण दाबून टाकली आहे. गळत असणार, म्हणून आवळली. गळणारा व्हॉल्व्ह हा उपद्रव असतो, आवळलेला व्हॉल्व्ह हा बॉम्ब. हा व्हॉल्व्ह साफ करायचा नाही, सरळ बदलायचा. अख्ख्या इंजिनात जुनेपणाचा मान राखू नये असा हा एकच भाग.

बदलण्याआधी आटे मोजले. घाईत इथेच चूक होते. इंग्लिश बनावटीत पाव इंच व्यासाला इंचामागे २६ आटे सापडतात. म्हणजे व्यास ६.३५ मिमी आणि दोन आट्यांतलं अंतर ०.९८ मिमी. मेट्रिक एम-६ चा व्यास ६ मिमी आणि अंतर १ मिमी. त्यामुळे एम-६ चा व्हॉल्व्ह त्या भोकात गोडीगुलाबीने फिरत जातो, बसल्यासारखाही वाटतो, पण आट्यांची पकड नावापुरती असते आणि दाब आला की गोळीसारखा सुटतो. व्हर्नियर आणि आट्यांचं गेज, दोन्ही लावूनच ठरवावं. हे इंजिन इंचाच्या मापाचं निघालं.

रविवार

सुटे भाग केले. खोलण्यापूर्वी चारी बाजूंनी फोटो, आणि प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर त्याच्या जागी टोचून ठेवायचा. पत्र्यातले लोखंडी स्क्रू गंजून धरले होते. तेल सोडून रात्रभर ठेवावं, मग आधी आवळायच्या दिशेने किंचित हलवावं आणि त्यानंतर सोडवावं. पेचकसाचं पातं खाचेत गच्च बसलं पाहिजे. लहान पातं खाच खातं आणि मग ड्रिल करण्यावाचून मार्ग राहत नाही.

स्पिरिटच्या बर्नरची वात पांढरी, दोरीसारखी, न जळलेली आहे. जुन्या वाती आणि जुनं पॅकिंग अॅस्बेस्टॉसचं असू शकतं, आणि त्याचे तंतू श्वासात जाणं घातक. कोरडी कुरतडायची नाही, फुंकायची नाही, ब्रशने झाडायची नाही. पाण्याने भिजवून अख्खी काढली आणि पिशवीत बंद केली. नवी वात काचतंतूची घालायची.

फ्लायव्हील जस्ताच्या ओतकामाचं आहे. कडांना बारीक तडे किंवा फुगवटा आहे का ते भिंगातून पाहिलं. जस्तात शिशाची भेसळ राहिली असेल तर ते ओतकाम वर्षांनुवर्षं आतून किडत जातं, आणि त्यावर उपाय नाही. हे ठणठणीत आहे. आस मात्र वाकलेली दिसते.

सोमवार

आज फक्त बॉयलर. टॉर्च टाकून पाहिलं तर आत क्षारांचा करडा थर. १०० मिली कोमट पाण्यात ५ ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड, घालून बॉयलर भरला. बुडबुडे वीस-पंचवीस मिनिटांत थांबले. तेवढंच पुरे, रात्रभर ठेवायचं नाही. मग दोनदा पाणी, एकदा खायच्या सोड्याचं पाणी, परत साधं पाणी. फ्लायव्हील आणि बाकी जस्ताचे भाग या पाण्याच्या आसपासही नकोत, आम्ल जस्ताला खातं.

बाहेर ओघळ आला तिथे पितळ गुलाबी झालं. घाबरायचं की नाही हे सुई सांगते. सुईने हलकं खरवडलं आणि खाली पिवळं लागलं, तर गुलाबी रंग वरवरचा. खरवडल्यावरही गुलाबी, मऊ, भुसभुशीत लागत गेलं, तर जस्त निघून गेलंय आणि तांब्याची जाळी उरली आहे. तो बॉयलर शोभेच्या कपाटात. इथे पिवळं लागलं.

अमोनिया असलेलं पितळ-पॉलिश बॉयलरला लावू नये, हे इथेच लिहून ठेवतो. पत्रा ओढून-ठोकून केलेल्या पितळात ताण अडकलेला असतो. त्यात अमोनिया आणि दमटपणा मिळाला की पितळ बाहेरून चकचकीत असतानाच तडकतं. हे प्रथम ठळकपणे दिसलं ते एकोणिसाव्या शतकात, भारतातल्या ब्रिटिश फौजेच्या काडतुसांत. पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप चिरायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया! कारण पक्कं कळायला १९२१ उजाडलं.

बुधवार

सांधा. गॅसची ज्योत लावली की शेजारचे सांधेही सुटतात, म्हणून बॉयलरचं दुसरं टोक आणि मधली बुशं (जोडण्या बसवायच्या आट्यांच्या कड्या) ओल्या फडक्यात गुंडाळली. जुना डाख वितळवून झटकला, कड खरवडून उजळ केली, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं रसायन) लावला, आणि ज्योत सोल्डरवर न धरता पितळावर धरली. पितळाच्या उष्णतेने सोल्डर आत ओढलं गेलं तरच सांधा झाला म्हणायचं. ज्योतीने वितळून वर साचलेला गोळा म्हणजे नुसतं मलम. नंतर कोमट सोड्याच्या पाण्याने फ्लक्स धुतला, नाहीतर महिन्याभरात हिरवा कळंक येतो.

‘एवढं करतोच आहोत तर चांदीच्या डाखाने पक्कं करू’ असं मनात येतंच. येऊ द्यावं आणि सोडून द्यावं. चांदीचा डाख ६०० अंशांच्या वर वितळतो, आणि तिथवर तापवताना सांध्यात उरलेलं शिसं पितळात शिरून त्याला ठिसूळ करतं. शिशाचा शेवटचा कण काढता आला तरच त्या वाटेला जावं. या आकाराच्या सांध्यात तो निघत नाही.

सांधा थंड झाल्यावर पाण्याची चाचणी. हवेने कधीही नाही. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणून सांधा फुटला तर एक थेंब उडतो आणि काटा शून्यावर येतो. दाबलेली हवा किंवा वाफ मात्र साठवलेली सगळी ताकद एकदम सोडते. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी प्रेशर गेज, बाकी भोकांना बुच, बॉयलर तिरका करून शेवटचा बुडबुडा काढला.

पंप म्हणून सिरिंज चालते, आणि इथे माणसं मोठी सिरिंज उचलतात. उलट लहान घ्यावी. २० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या सुमारे २ सेंमी रुंद, त्यावर ३ बार आणायला जवळपास साडेनऊ किलोचा जोर लागतो, अंगठा थरथरतो. १ मिलीच्या सिरिंजला अर्धा किलो पुरतो. बॉयलर काठोकाठ भरलेला असला की एवढुशा पाण्यानेही काटा चढतो. नाही चढला तर आत हवा उरली आहे असं समजावं. नळी आट्याने अडकणारी हवी, नुसती खुपसलेली उडून जाते.

चालवायचा दाब दीड बार, म्हणून चाचणी ३ बारला, दहा मिनिटं. पहिल्या खेपेला काटा सावकाश २.४ वर आला. टिशू पेपर सांध्यावरून फिरवला, कोरडा. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या खिडकीच्या वायसरला लावला, ओला. जुना फायबरचा वायसर वाळून चामड्यासारखा झाला होता. नवा घालून परत ३ बार. दहा मिनिटांनी काटा जागेवर. टोपणंही फुगलेली नाहीत, आधी आणि नंतर पट्टी टेकवून पाहिलं.

गुरुवार

इंजिनाची बाजू. झुलत्या सिलिंडरला वेगळा व्हॉल्व्ह नसतो. सिलिंडर खिळीवर झुलतो आणि त्याचं भोक स्थिर ठोकळ्यावरच्या दोन भोकांसमोर आलटून पालटून येतं, एकातून वाफ आत, दुसऱ्यातून बाहेर. बरोबर मध्ये असताना दोन्ही बंद. म्हणजे सगळं इंजिन दोन सपाट चेहऱ्यांवर उभं आहे, आणि इथे दोन्हींवर गोल चरे पडलेत.

ठोकळ्याचा चेहरा सोपा. जाड काचेवर ६०० चा वॉटर पेपर, पाणी, आणि इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने. मग १०००, मग १५००. सिलिंडरच्या चेहऱ्यातून मात्र खिळी बाहेर आलेली असते, तो काचेवर टेकतच नाही. खिळी फिरवून निघाली तर उत्तम. नाही निघाली, तर जाड, सपाट अॅल्युमिनियमच्या पट्टीत १२ मिमीचं भोक पाडून त्यावर कागद चिकटवायचा आणि खिळी भोकात सोडून तेवढ्याच हालचालीत घासायचं. वेळ लागतो. चेहऱ्यावर मार्करने आडव्या-उभ्या रेघा मारून ठेवाव्यात. सगळ्या एकसारख्या पुसल्या गेल्या की चेहरा सपाट झाला. कडेच्याच पुसल्या तर हात डुलतोय. व्हॉल्व्ह घासायची करकरीत पेस्ट वापरू नये. तिचे कण मऊ पितळात रुतून बसतात आणि इंजिन चालताना आयुष्यभर घासत राहतात.

पिस्टनची परीक्षा बोटाने. सिलिंडरच्या भोकावर बोट ठेवून दट्ट्या ओढला, की सोडताना ‘टॉक्’ असा आवाज यायला हवा. आला.

सिलिंडरला ठोकळ्यावर दाबून धरणाऱ्या स्प्रिंगवर सगळ्यांचा हात जड पडतो. चेहऱ्यामधून वाफ फुसफुसली की नट आवळतात. पण ही स्प्रिंग दुसरा सेफ्टी व्हॉल्व्हच आहे, दाब जास्त झाला की सिलिंडर किंचित उचलला जाऊन वाफ निसटते. चेहरे सपाट असतील तर हलका ताण पुरतो. फ्लायव्हीलला टिचकी मारल्यावर ते चार-पाच फेरे घेऊन स्वतःच्या वजनाने थांबलं पाहिजे, झटक्यात नाही.

आस व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून, उंचवटा शोधून, लाकडी ठोकळ्याने सरळ केली. मग तेल घालून ०.४ बार हवेवर चालवलं (इथे हवा चालते, बॉयलर जोडलेलाच नाही). दर फेऱ्याला एक टकटक येते, क्रँकच्या (पिस्टनची ये-जा फेऱ्यात बदलणाऱ्या भागाच्या) खिळीचं भोक लांबट झालंय. सध्या राहू देतो.

शनिवार

रंग. पायाच्या पत्र्याचा मूळ रंग साबणाच्या पाण्याने धुतला, एवढंच. टवके तसेच राहतील. जुना रंग शिशाचा असू शकतो, म्हणून कोरडं घासणं तसंही नकोच. भट्टीच्या आतला गंज ओला घासून तिला ६०० अंश सोसणारा काळा रंग दिला. बॉयलरला मऊ फडकं आणि अमोनिया नसलेलं पॉलिश, आता.

रविवार

वाफ. सिलिंडरला वाफेचंच तेल, ४६० ग्रेडचं. गाडीचं तेल इथे चालत नाही. त्यात धुवायची रसायनं असतात, ती तेल आणि पाणी एकत्र घुसळून ताकासारखा फेस करतात आणि चेहरे कोरडे पडतात. बेअरिंगला मात्र पातळ शिलाईमशीनचं तेल छान.

पाणी आणि इंधनाचा हिशोब कागदावर आधी. बॉयलरचा आतला व्यास ४.५ सेंमी, लांबी १० सेंमी, म्हणजे १५९ मिली. तीन-चतुर्थांश भरायचा : १२० मिली डिस्टिल्ड. ४ ग्रॅमच्या हेक्सामिनच्या (घन इंधनाच्या) गोळ्या ३, ग्रॅममागे सुमारे ३० किलोज्यूल, एकूण ३६०. यातला तिसरा हिस्सा पाण्यात गेला तर १२०. पंचवीसवरून शंभर अंशांवर न्यायला ३८ जातात, उरलेल्या ८२ मध्ये ३६ ग्रॅम पाण्याची वाफ होते. गोळ्या संपतील तेव्हा बॉयलर अर्ध्याहून जास्त भरलेला असेल. आग आधी संपावी, पाणी नंतर. हे बसत नसेल तर एक गोळी कमी करावी. मूळचा स्पिरिटचा बर्नर आज बाजूला. स्पिरिटची ज्योत उजेडात दिसत नाही, आणि विझली समजून त्यात पुन्हा ओतणाऱ्यांचे हात भाजतात. गोळ्यांचा धूरही डोळ्यांना झोंबतो, म्हणून खिडक्या सताड उघड्या.

सात मिनिटांनी सूं सूं. सिलिंडर थंड असल्याने पहिली वाफ आतच पाणी होते. फ्लायव्हील हाताने आठ-दहा वेळा फिरवलं, एक्झॉस्टमधून तपकिरी पाणी थुंकलं, आणि मग ते स्वतः फिरायला लागलं. वाफेची नळी बंद करून गेज पाहिलं : नवा व्हॉल्व्ह १.५ ला उचलला, १.३ ला बसला. आग विझल्यावर दाब शून्यावर आला, तसा व्हॉल्व्ह लगेच सैल केला. नाहीतर थंड होताना आत पोकळी तयार होते आणि एक्झॉस्टचं तेलकट पाणी बॉयलरमध्ये ओढलं जातं.

कोमट असतानाच रिकामा केला आणि मापात ओतला. १२० घातलं होतं, ८१ निघालं. टकटक अजून आहे.