ते औषध दवाखान्यात कधी येणार, तुम्ही विचारलंत म्हणून

एकाच सुईत एमआरआय आणि पेट (PET) स्कॅन, दोन्हींत कॅन्सरची गाठ दिसेल असं तुझं ते औषध येणार तरी कधी? दिवाळीत आत्या विचारते, लग्नात शेजारचे काका विचारतात. मी "काम चालू आहे" म्हणून विषय बदलते. आज नीट सांगते.

आमचं औषध म्हणजे आयर्न ऑक्साइडचे, लोहाचे अतिसूक्ष्म कण. साचतात तिथे एमआरआयमध्ये काळं दिसतं. पण काळं रक्तस्रावानेही दिसतं, म्हणून कणांवर गॅलियम-६८ हा किरणोत्सर्गी पदार्थ चढवायचा; तो पेट स्कॅनमध्ये उजळतो. त्याचं अर्धायुष्य ६८ मिनिटं, म्हणजे तेवढ्या वेळात तो निम्मा उरतो, त्यामुळे सगळी पळापळ.

पीएचडीच्या चौथ्या वर्षी चार उंदरांचे स्कॅन आले. गाठ एमआरआयमध्ये काळी, पेटमध्ये लख्ख. रात्री साडेअकराला मी आईला उठवून सांगितलं. पोस्टरही छापलं. मग गाइडनी विचारलं, "नुसतं गॅलियम टोचून बघितलंस?" राग आला मला. चिडूनच ते केलं. कण नाहीत, फक्त गॅलियम. गाठ उजळली. जरा फिकी, पण उजळली. सुटं गॅलियम रक्तातल्या ट्रान्सफरिनला, म्हणजे लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं आणि गाठीत जातं. १९६९ पासून गॅलियम सायट्रेटने गाठी शोधल्या जायच्या, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी तुलनेसाठी नुसत्या गॅलियमचा उंदीर ठेवला नव्हता.

मग जपून ठेवलेल्या ऊतींचे काप प्रशियन ब्लूने रंगवले. लोह असेल तिथे निळं. यकृतात निळ्या ठिपक्यांचा सडा. गाठीच्या कापांवरून मी अख्खी दुपार नजर फिरवली. कडेच्या एका रक्तवाहिनीजवळ तीन ठिपके. तीन. मग एमआरआयमधलं काळं? बहुधा गाठीतला ताजा रक्तस्राव. काळं आधीपासूनच होतं का ते दाखवणारा, सुईआधीचा स्कॅन आम्ही दोनच उंदरांचा घेतला होता.

मी एकटीच चुकले असंही नाही. २०१६ साली टोरोंटोच्या गटाने आधीच्या दहा वर्षांचे प्रयोग एकत्र मांडले: टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोहोचणाऱ्यांचा मध्यक (सगळ्या प्रयोगांतला मधला आकडा) ०.७ टक्के. बाकीचे बरेचसे यकृत-प्लीहा गिळतात. अमेरिकेत १९९६ साली मंजूर झालेलं फेरिडेक्स हे लोहकणांचं एमआरआय-औषध यकृताच्या याच सवयीवर चालायचं: निरोगी यकृत काळं पडतं, गाठ उजळ राहते. पुढे तेही बाजारातून गेलं. पण २०१४ साली सिलिकाचे चिमुकले, पेटमध्ये दिसणारं आयोडीन-१२४ लावलेले कण मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) पाच रुग्णांना टोचल्याचा अहवाल आला, ते लघवीवाटे बाहेरही पडत होते. म्हणजे अशक्य नाही. की तेवढ्यासाठीच मी हे उदाहरण धरून ठेवलंय?

तेव्हाची मी म्हणाली असती, गॅलियमची कणांवरची पकड घट्ट केली की झालं. पकड घट्ट केली. यकृत तसंच निळं.

आत्या, तारीख माझ्याकडे नाही. आता पहिला उंदीर नुसत्या गॅलियमचा असतो. मागच्या आठवड्यात नवे काप आले. गाठीत निळं आधीपेक्षा जास्त आहे. ते कणांमधल्या लोहाचं की जुन्या रक्तातल्या, ते अजून तपासायचंय.