किती दिवसांनी आंघोळ घालता हो याला?

लिफ्टमध्ये आमचा कुत्रा बंड्या शिरला की कुणी ना कुणी हे विचारतंच, आणि विचारताना नाक जरा आक्रसलेलं असतं, म्हणजे काय विचारायचंय ते मला कळतं. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, महिना-सव्वा महिन्यातून एकदा. दर रविवारी नाही.

आधी मीही दर रविवारीच घालायचे. लॅब्रॅडॉरचं पिल्लू, डोंबिवलीचा पावसाळा आणि माझा नवानवा उत्साह, शॅम्पूही घरातलाच, लहान मुलांचा आहे ना मग चालतंय की. जुलैत एकदा पट्टा काढताना बंड्या कळवळला, बघते तर मानेवर रुपयाएवढा चिकट चट्टा. डॉक्टरांनी तिथले केस कापले तर खाली लालभडक ओली कातडी. आधी शॅम्पूवरून बोलणी खाल्ली (माणसाच्या कातडीचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण ५.५, कुत्र्याचा ७ च्या आसपास, आपला शॅम्पू त्यांना कोरडं करतो), मग म्हणाले, पण खरं नडलंय ते ओलं राहणं. लॅब्रॅडॉरच्या वरच्या केसांखाली दाट लव असते, वरून हात फिरवला की वाटतं सुकला, आत मुळाशी पाणी तसंच, आणि त्यावर मी लगेच पट्टा आवळलेला!

तेव्हापासून आमच्याकडे आंघोळ पंधरा मिनिटं आणि पुसणं तासभर. आधी कंगवा, कारण गुंता भिजला की आणखी घट्ट बसतो. बाथरूममध्ये खाली गोणपाट, लादीवर एकदा पाय घसरला की पुढच्या वेळी साहेब दारातूनच माघारी. पाणी कोमट, आणि डोकं सगळ्यात शेवटी, तेही ओल्या फडक्यानेच, कारण डोक्यावर मगभर पाणी ओतलं रे ओतलं की तो अंग झाडतो आणि गिझरपासून आरशापर्यंत सगळ्यांची आंघोळ होते. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. काखेत आणि पोटाखाली फेस राहतो, बुळबुळीत लागणं थांबेपर्यंत पाणी घालत राहायचं.

मग धोतर. बाबांचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, त्याच्यासारखं पाणी कुठला टॉवेल शोषत नाही. घासायचं नाही, दाबून टिपायचं. ड्रायरवर तो भुंकतो म्हणून पंख्याखाली बसवते, आणि अधूनमधून पाठीवर फुंकर मारून केस बाजूला करते, मुळाशी बोट लावते. गार लागलं की अजून ओलं. बोटांच्या बेचक्या, शेपटीचं बूड, मान, हे सगळं तपासून झाल्यावरच पट्टा. तोवर तो सोफ्याभोवती पिसाळल्यासारखा चार फेऱ्या मारून आलेला असतो, का मारतो देव जाणे.

मधल्या दिवसांत रोज ब्रश आणि फिरून आल्यावर पाय पुसणं, बास. मानेवर गोचिडांचं औषध टाकायचं असलं तर आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस पाणीच नाही. आणि आंघोळ घालूनही वास येत असला तर कान हुंगून बघा, बरेचदा तिथलंच दुखणं असतं, शॅम्पू बदलून जात नाही.

आणि हो, परवा लिफ्टमध्ये तुम्ही रुमाल लावलात ना, तेव्हा माझ्या हातातल्या पिशवीत सुके बोंबील होते.